माशीवरचं संशोधन म्हणजे नेमकं काय, आणि ते कुणाच्या कामी येतं?

इंदूरच्या एका पालकांचा प्रश्न आहे. मुलगी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतेय, पुढे माश्यांवरच काम करायचं म्हणते. घरात आजीचं म्हणणं, "एवढं शिकून माश्याच मारायच्या होत्या तर दुकानावर बसली असती." वडिलांना जाणून घ्यायचंय की शेतीत, जीवशास्त्रात, औषधोपचारात या विषयाला खरंच काही अर्थ आहे की पोरीचा नुसता हट्ट आहे.

मी कीटकशास्त्रातली. नोकरीची बहुतेक वर्षं माळव्यातल्या सोयाबीनच्या शेतांत आणि पेरूच्या बागांत गेली, मधली काही कॉलेजात शिकवण्यात. त्यामुळे उत्तर जरा एका बाजूला झुकलेलं वाटलं तर चालवून घ्या.

या विषयात मारण्याचं काम सगळ्यात कमी असतं. मारायला दुकानात बाटल्या आहेतच. माणसाने जिथे जिथे माशीवर खरी मात केली, तिथे ती कुठल्या दिवशी कुठे असते, अंडी कशात घालते, अळी काय खाते, मादी किती वेळा जुगते, हे आधी कुणीतरी चिकाटीने बघून ठेवलेलं होतं. औषध मागाहून आलं, कधी कधी तर लागलंच नाही. आणि 'माशी' म्हणून आपण ज्यांना एका पोत्यात घालतो त्या दोन पंखांच्या कीटकांच्या सव्वा लाखाहून जास्त जातींची नोंद झालेली आहे. मच्छरही त्यातलाच. त्यामुळे मुलीला पहिला प्रश्न विचारायचा तो "कुठली माशी?" हाच.

आपल्या दारातलं उदाहरण सोयाबीनच्या खोडमाशीचं. जेमतेम दोन मिलिमीटरची, काळी चकचकीत. शेतात दिवसभर हिंडलात तरी नजरेत भरायची नाही. मादी पानात अंडं घालते. त्यातून निघालेली अळी पानाच्या शिरेतून देठात, देठातून खोडात उतरते आणि आतला गाभा खात सुटते. बाहेरून झाड हिरवंगार. जुलैअखेर शेतकरी बांधावरून अभिमानाने दाखवतो, "पीक झकास आहे, मॅडम." एक झाड उपटायचं, मुळाच्या वरपासून ब्लेडने खोड उभं चिरायचं. आत लालसर तपकिरी, नागमोडी बोगदा दिसतो. त्यात कुठेतरी पिवळट अळी नाहीतर तपकिरी कोष. आणि खोडाला एक बारीकसं भोक. हे भोक अळी कोषात जाण्यापूर्वी पाडून ठेवते, कारण कोषातून निघणाऱ्या माशीला कुरतडायला जबडा नसतो. बाहेर पडायचं दार आधीच करून ठेवलं नाही तर ती आतच अडकून मरेल. हे पहिल्यांदा दाखवलं की शेतकऱ्याचा चेहरा उतरतो, आणि मग तो स्वतःच दुसरं झाड उपटतो.

आता यातून निघतं काय ते बघा. अळी खोडात सुखरूप बसलेली असताना वरून पानांवर फवारणी करणं म्हणजे बहुतांशी पैसे मातीत. नुकसान सगळ्यात जास्त होतं ते उगवणीनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, आणि त्या वेळी कुणाचं लक्ष नसतं. म्हणून उपाय पेरणीच्याही आधीचा आहे, बीजप्रक्रियेचा. थायामेथोक्झाम ३० एफएस हे कीटकनाशक किलोभर बियाण्याला १० मिलि चोळलं की ते कोवळ्या रोपाच्या अंगात भिनतं आणि अळी पहिले घास घेते तिथेच तिला गाठतं. क्रम मात्र पाळायचा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम, म्हणजे मुळांना नत्र मिळवून देणारे जिवाणू. उलट केलं तर विकत आणलेले जिवाणू तुम्हीच मारता. इंदूरची सोयाबीन संशोधन संस्था १९८७ पासून आहे. बियाण्याला औषध चोळण्याची ही शिफारस ज्यावर उभी आहे, तो सगळा हिशेब ब्लेडने खोडं चिरून, बोगद्याची लांबी पट्टीने मोजून केलेला असतो.

आधीच्या पिढीची ज्वारी आठवत असेल त्यांना पोंगेमर, म्हणजे रोपाचा मधला कोंब वाळून जाणं, ठाऊक असेल. तीही एका माशीचीच करामत, खोडमाशीच म्हणतात, पण जात वेगळी. ती रोप लहान असतानाच डाव साधते. पाऊस बसल्यावर आठवडा-दहा दिवसांत पेरणी उरकली तर तिची संख्या वाढेपर्यंत रोपं हाताबाहेर गेलेली असतात. एक पैसा खर्च नाही, फक्त तारीख सांभाळायची.

पेरूची गोष्ट जास्त मजेशीर आहे, आणि मला जास्त जवळची. पावसाळ्यात चोइथराम मंडीतून आणलेला पेरू कापला आणि आत अळ्या वळवळताना दिसल्या, हे इंदुरात कुणाला नवीन नाही. ही फळमाशी. मादी सालीखाली टोचून अंडी घालते, अळ्या गरात वाढतात, फळ गळून पडतं, अळ्या त्यातून बाहेर येऊन मातीत दोन-चार बोटं खोल कोष करतात. म्हणजे चारांपैकी तीन अवस्था फवाऱ्याच्या पलीकडे. पडलेली फळं रोज गोळा करून खोल पुरणं किंवा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात टाकणं, हे कंटाळवाणं काम कुठल्याही औषधाला भारी पडतं. त्याहून चांगलं म्हणजे बहारच, म्हणजे फुलोऱ्याचा हंगामच, बदलणं. आंबे बहाराची फळं नेमकी पावसात तयार होतात, माशीच्या ऐन भरात. मृग बहार धरला की तोडणी हिवाळ्यात येते. माशी कमी, आणि फळही गोड.

फळमाशी पकडायच्या सापळ्यांचं बोलायचं तर श्रेय जातं फ्रँक हाउलेट यांना, बिहारमधल्या पुसा इथल्या संस्थेत ते कीटकशास्त्रज्ञ होते. १९१२ मध्ये त्यांनी नोंदवलं की सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्या झेपावतात आणि त्या सगळ्या नर आहेत. पुढे १९१५ पर्यंत त्यांनी त्यामागचा पदार्थही हेरला, मिथाइल युजेनॉल. नर तो अक्षरशः चाटून खातो आणि त्यापासून मादीला भुलवणारा गंध तयार करतो. आपल्या काळ्या तुळशीतही हा पदार्थ असतो, म्हणून तुळशीचा पाला चुरगळून ठेवला तरी चार नर येतात. १९६०च्या दशकात पॅसिफिकमधल्या रोटा बेटावर याच पदार्थात कीटकनाशक मिसळून सगळे नर संपवले आणि माशीचा निर्वंश केला.

पण बेट वेगळं आणि राऊ-महूकडची चार बिघ्यांची बाग वेगळी. इथे शेतकरी या पदार्थाच्या सापळ्याची गच्च भरलेली बरणी दाखवून खूश होतो. त्या बरणीत मादी एकही नसते, आणि फळ टोचते ती मादी. शेजारच्या बागेतल्या एखाद्या नराशी जुगून ती तुमच्याकडे येतेच. एकट्याने लावलेला सापळा म्हणजे माशी वाढली का कमी झाली हे सांगणारं मोजमाप. गावाने मिळून लावला तर शस्त्र. हे दुकानदार सांगत नाहीत.

फळमाशी क्षुल्लक वाटत असेल तर कोकणातल्या बागायतदारांना विचारा. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली होती, कारण आलेल्या मालात फळमाशी सापडत होती. ऐन हंगामात हापूसची निर्यात थांबली. बंदी पुढच्या वर्षी उठली ती गरम पाण्याची आणि बाष्पाची प्रक्रिया, तपासणी हे सगळं बसवल्यावर. फळ किती अंशांवर किती मिनिटं ठेवलं की आतली अळी मरते आणि फळ मात्र शिजत नाही, हे ठरवणं हेही माशीवरचंच संशोधन.

आता जीवशास्त्राकडे येते, कारण बहुतेक मुलं 'माशीवर काम' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात ड्रॉसोफिला असते. पिकल्या केळ्यावर घोंगावणारं ते चिलट. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगार शिजवून बाटलीत ओतायचं, कापसाचं बूच, २५ अंश तापमान, की दहा-बारा दिवसांत नवी पिढी हजर. पहिल्या सत्रात मुलांचा जीव रडकुंडीला येतो तो कुमारी माद्या गोळा करताना. कोषातून निघून आठ तास व्हायच्या आत मादी वेगळी काढावी लागते, नाहीतर ती जुगलेली असते आणि सगळा प्रयोग फुकट. नुकत्याच निघालेल्या मादीचं अंग फिकट असतं आणि पोटातून एक गडद ठिपका दिसतो. नराच्या पुढच्या पायांवर बारीक काळा कंगवा. सूक्ष्मदर्शकाखाली मऊ ब्रशने एकेक सरकवत बसायचं. ज्याला हे आवडतं तो टिकतो.

१९१० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर मिळाला. तो गुण पुढच्या पिढ्यांत कसा उतरतो हे बघताना जनुकं गुणसूत्रांवर असतात हे पक्कं झालं. जनुकांचा पहिला नकाशा काढला तो त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या आल्फ्रेड स्टर्टेव्हंटने, आणि तेव्हा तो पदवीचा विद्यार्थी होता. कॉलेजचा गृहपाठ बाजूला टाकून एका रात्रीत त्याने मांडणी केली. मॉर्गनना १९३३ चं नोबेल मिळालं. त्यांच्याच तालमीतले हर्मन म्युलर. क्ष-किरणांनी माशीच्या जनुकांत बदल घडवता येतात हे त्यांनी १९२७ मध्ये दाखवलं.

म्युलरचं नाव मुद्दाम घेतलं. अमेरिका खंडात एक माशी गुरांच्या जखमेत अंडी घालते आणि तिच्या अळ्या जिवंत मांस खातात. स्क्रूवर्म म्हणतात तिला. एडवर्ड निपलिंग यांनी पाहिलं होतं की या माशीची मादी आयुष्यात एकदाच जुगते. तेव्हा नपुंसक नर भरमसाट सोडले तर माद्यांचा एकुलता एक समागम वाया जाईल, असं त्यांचं गणित होतं. पण माशी जिवंत ठेवून नपुंसक करायची कशी? उत्तर म्युलरच्या क्ष-किरणांत सापडलं. १९५४ मध्ये क्युरासाओ बेटावर हा प्रयोग यशस्वी झाला, १९६६ मध्ये अमेरिकेने माशी हटल्याचं जाहीर केलं, आणि २००६ पर्यंत तिला पनामापर्यंत मागे रेटलं. म्हणजे चिलटाच्या डोळ्यांचा रंग बघणाऱ्या मंडळींच्या कामाने लाखो गुरं वाचली. मधल्या काळात ढिलाई झाली म्हणा किंवा आणखी काही, २०२३ पासून ती पुन्हा उत्तरेकडे सरकू लागली आणि २०२४ च्या नोव्हेंबरात मेक्सिकोत सापडली. असं काम एकदा करून सोडून देता येत नाही.

आपल्याकडे तिची चुलत बहीण आहे. बैलाचं शिंग मोडलं, गाईच्या कानाला जखम झाली आणि दोन दिवस लक्ष गेलं नाही की 'किडे पडले' म्हणतो ते तिचेच. या अळ्या डोकं आत खुपसून, शेपटाकडचं टोक वर ठेवून बसतात, कारण त्यांची श्वासाची भोकं मागच्या टोकाला असतात. जनावरांचे डॉक्टर टर्पेंटाइनचा बोळा ठेवतात तो याचसाठी. श्वास कोंडला की अळ्या वर येतात, मग चिमट्याने एकेक काढायच्या. माणसाच्या नाकात, कानात, दुखऱ्या पायावरही हे होतं, आणि तिथे घरगुती उपाय अजिबात करू नयेत.

आणि याच्या अगदी उलट दुसरी एक माशी. पहिल्या महायुद्धात विल्यम बेअर या अमेरिकन सर्जनकडे दोन सैनिक आले. सात दिवस रणांगणावर पडून राहिलेले, मांडीचं हाड मोडलेलं, जखमा अळ्यांनी भरलेल्या. ताप नाही. अळ्या धुऊन काढल्या तर खाली गुलाबी, निरोगी मांस. बेअर यांनी पुढे जॉन्स हॉपकिन्समध्ये त्या अळ्या मुद्दाम वापरल्या, सुरुवातीला धनुर्वाताचा त्रास झाला म्हणून अंडी निर्जंतुक करायला घेतली, आणि १९३१ मध्ये त्यांचं काम प्रसिद्ध झालं. प्रतिजैविकं आली आणि लोक विसरले. २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हिरव्या चकचकीत ल्युसिलिया माशीच्या अळ्यांना वैद्यकीय साधन म्हणून मान्यता दिली. मधुमेहाने सडत चाललेल्या पायांवर त्या वापरतात. ही अळी मेलेलं मांस तेवढं विरघळवून पिते, जिवंत मांसाला हात लावत नाही. जखमेतली अळी बघून ती दोघींपैकी कुठली हे ओळखणारा माणूस लागतो, आणि तो माशीवर काम केलेलाच असतो.

डॉक्टरकीतलं बाकी भराभर सांगते. २०११ च्या नोबेलमधला ज्यूल्स हॉफमन यांचा वाटा ड्रॉसोफिलाच्या प्रतिकारशक्तीचा, एक जनुक बिघडलं की माशी बुरशीने मरते इथून सुरू झालेला. २०१७ चं नोबेल शरीरातल्या घड्याळाचं, तेही माशीतूनच. माणसाच्या आजारांशी जोडलेल्या जनुकांपैकी सुमारे पाऊण हिश्श्याची भावंडं या चिलटात आहेत. २०२४ मध्ये तिच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला, सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशी आणि त्यांची एकूण एक जोडणी. हे सगळं परदेशातलंच असं समजू नका. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) ओबेद सिद्दिकी आणि त्यांच्या विद्यार्थिनी वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी माशीला वास कसा कळतो यावर जगाने दखल घ्यावी असं काम केलं. बंगळुरूचं जीवविज्ञान केंद्र सिद्दिकींनीच उभं केलं.

वालुमाशी या रक्त पिणाऱ्या बारीक माशीबद्दल मात्र दोन वाक्यं जास्त. काळा आजार ती पसरवते असा संशय १९२४ पासून होता, पण चावल्यावर आजार होतो हे सिद्धच होत नव्हतं, कारण रक्त प्यायलेली माशी प्रयोगशाळेत पुरेशी जगत नसे आणि तिच्या पोटातला या आजाराचा परजीवी वाढत नसे. मग कुणाला तरी सुचलं की रक्तानंतर तिला मनुका चोखायला द्याव्यात. साखर मिळाली, परजीवी फोफावला, आणि १९४२ मध्ये स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी स्वयंसेवकांवर पुरावा दिला. मनुकांनी सोडवलेला प्रश्न! नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचं नाव मिळालेला विषाणू १९६५ मध्ये सापडला, तोही वालुमाशीशी जोडलेला. २०२४ च्या पावसाळ्यात शेजारच्या गुजरातेत त्याने मुलं दगावली. भिंतींच्या भेगा बुजवा, हा सल्ला ही माशी दिवसा कुठे लपते हे कुणी पाहिलं म्हणूनच देता येतो.

राहिली घरमाशी, आणि इथे इंदूरला बोलायचा हक्क आहे. उन्हाळ्यात तिचं अंड्यापासून माशीपर्यंतचं चक्र आठवडा-दहा दिवसांत पुरं होतं. कचरा त्याच्या आत उचलला गेला तर अळ्या माशी व्हायच्या आधीच शहराबाहेर जातात. २०१७ ते २०२३ सलग सात वेळा इंदूर देशात स्वच्छतेत पहिलं आलं, त्यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती गल्लीत रोज सकाळी येणारी गाडी. इतका मोठा माशीनाशक उपाय मी दुसरा पाहिलेला नाही. धुरळणीचं यंत्र त्यापुढे दिखावा. पोटाच्या आजाराशी घरमाशीचा संबंध किती, याचं उत्तर इस्रायली सैन्याच्या तळांवर मिळालं. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नुसत्या माश्या पकडण्याने पहिल्या वर्षी जुलाबासाठी दवाखान्यात येणारे ४२ टक्क्यांनी आणि शिगेला या जुलाबाच्या जिवाणूचे रुग्ण ८५ टक्क्यांनी घटले.

आणि जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखलं जाणारं कंपोस्ट इथलंच, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागेवरचं. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी ते बसवलं. ढीग नीट रचला की आतून इतका तापतो की माशीची अळी टिकत नाही. उलट ढिगावर माश्या दिसायला लागल्या तर रचना चुकली असं समजून तो लगेच उलथायचा, अशी त्यांची सूचना होती. माशी इथे तपासनीस झाली.

आता तुमच्या मुलीचं. पगाराच्या दृष्टीने हा सोपा रस्ता नाही. पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं शिष्यवृत्तीवर काढावी लागतात आणि ती वेळेवर जमा होईलच असं नाही. ड्रॉसोफिला घ्यायची असेल तर सीएसआयआर-नेट किंवा गेट या राष्ट्रीय परीक्षांची तयारी आत्तापासून करावी, आणि भोपाळ-पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्था, टीआयएफआर, बंगळुरू अशा ठिकाणी उन्हाळी प्रशिक्षणासाठी अर्ज टाकावेत. शेतीकडे वळायचं असेल तर आधी पात्रतेचे नियम नीट बघावेत, कारण अनेक जागांना कृषी पदवीच मागतात आणि प्राणिशास्त्राच्या मुलांना हे उशिरा कळतं. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या नावापेक्षा त्यांचे आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत ते विचारावं, आणि शक्य झालं तर त्यांच्यापैकी एखाद्याशी फोनवर बोलावं.

निर्णयाची घाई नसेल तर एक करा. जुलै संपताना तिला ओळखीच्या कुणाच्या सोयाबीनच्या शेतात घेऊन जा, सोबत ब्लेड, पट्टी आणि दहापट भिंग. शंभर झाडं चिरून कितीत बोगदा आहे आणि तो खोडाच्या कितव्या हिश्शापर्यंत गेलाय, हे वहीत लिहायला सांगा. दुपारपर्यंत कंबर मोडेल. दुसऱ्या दिवशी ती आपणहून उरलेली झाडं मोजायला निघाली तर तिला अडवू नका.